खंडेनवमीचं कुंकू आणि निळं पाणी

आत्या आज सकाळी गेली. आयुष्यात तिने एकच चूक कबूल केली, ती आज सांगतेच.

सुधाआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. रेल्वे वर्कशॉपच्या लॅबमधून केमिस्ट म्हणून रिटायर झालेली. आमच्या घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. त्यामुळे आमच्या सगळ्या दतिया गेट मोहल्ल्याची ती ‘बुआजी’.

रिटायर झाल्यावर लोक चारधामला जातात. ही मऊरानीपुरला गेली, रशीदभैयांच्या कापड रंगाईच्या कारखान्यात. ड्रायव्हर मी.

तिथलं निळं पाणी सरळ नाल्यात जायचं. शेवटी प्रदूषण मंडळाची नोटीस आलीच. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पाण्याचा नमुना घेणार, नापास झाला तर कारखान्याला कुलूप.

कितीतरी घरांची चूल त्या कारखान्यावर पेटत होती.

“रंग गाळून काढला तर तो गाळ टाकायचा कुठे? आपण रंगच मोडायचा,” आत्या म्हणाली. आणि तिने यंत्र उभं केलं.

पाण्यात ओझोनचे बुडबुडे. मध्ये क्वार्ट्झ काचेच्या नळ्या, त्यांच्या आत अल्ट्राव्हायोलेट दिवे. भोवतीच्या जाळीवर टायटेनियम डायऑक्साइडचा पांढरा लेप. त्या लेपावर प्रकाश पडला की रंगाचे तुकडे पडायला लागतात, ओझोन हातभार लावतो. मी बी.कॉम., पण हे झोपेतही सांगेन, इतकं तिने डोकं खाल्लंय.

नळ्यांना उघडा हात लावायचा नाही, हा तिचा कायदा. बोटाचं तेलसुद्धा प्रकाश अडवतं. मी एकदा लावला, तर चारचौघांत माझी पार खरडपट्टी काढली होती.

ट्रायल झाली. पाणी स्वच्छ निघालं. रशीदभैयांनी सगळ्यांना पेढे वाटले.

मग आली खंडेनवमी.

आमच्याकडे त्या दिवशी सुरी-कात्रीचीसुद्धा पूजा होते, मग यंत्राची नको? आत्याने स्वतः नळ्या बाहेर काढल्या, तेलात कालवलेलं कुंकू प्रत्येकीला लावलं, हळद लावली, नमस्कार केला आणि नळ्या परत बसवल्या.

दसऱ्याच्या सकाळी रशीदभैयांचा फोन. “बुआजी, जो पानी तो अबै तक नीलो है!”

आम्ही धावत गेलो. कोणी म्हणालं नवा रंग खराब, कोणी म्हणालं ओझोन मशीन बसलं. आत्याने ओझोन तपासला, ठीक. दिवे तपासले, ठीक. पाणी मात्र निळंच. नमुना दुसऱ्या दिवशी. तिचा चेहरा असा उतरलेला मी कधीच पाहिला नव्हता.

मग तिने दिवे बंद करून एक नळी बाहेर काढली. हातमोजा फिरवला. लाल, तेलकट, नळीभर पसरलेलं.

तिने तो हातमोजा उजेडात धरला.

“ये मैंने किया है,” ती सगळ्यांसमोर म्हणाली. “अडतीस वर्षं लॅबमध्ये काढली, आणि माझंच कुंकू नडलं.”

रशीदभैया हळूच म्हणाले, “बुआजी, पूजा तो हमने भी माँगी थी.”

“तर मग पुसायलाही बसा!”

बसलो. हातमोजे घालून, मलमल आणि स्पिरिट घेऊन, सगळे. ती प्रत्येक नळी उजेडात धरून तपासत होती आणि दोन तर तिने माझ्याकडे परत फेकल्या, म्हणजे जवळजवळ फेकल्याच.

यंत्र सुरू झालं. दुपारपर्यंत पाणी आकाशी झालं, मग फिकट, मग रंगच उरला नाही. आत्याने बरणीत पाणी भरलं, मागे पेपर धरला आणि त्या पाण्यातून बातमी मोठ्याने वाचून दाखवली. कारखाना टाळ्यांनी दणाणला. मी तर शिट्टी मारली.

एकजण म्हणाला, “बुआजी, पी के दिखाओ!”

“वेडा आहेस का? हे नाल्यात सोडण्याइतकं झालंय, पिण्याइतकं नाही.”

नमुना पास झाला. पुढच्या खंडेनवमीपासून कुंकू फक्त बाहेरच्या पेटीला. नळ्यांना लांबूनच नमस्कार.

आज स्मशानात रशीदभैया आले होते, निम्मे कामगार घेऊन. मी विचारलं, “आज काम बंद रखा होगा?”

“नईं बिटिया. जौन कारखानो बुआजी ने बंद नईं होन दओ, ऊखों उनई के नाम पे बंद कर दें?”

आत्याने बंद पडू न दिलेला कारखाना तिच्याच नावाने बंद कसा ठेवायचा! तेव्हा मात्र मला रडू आवरलं नाही.

आत्या, कारखाना चालू आहे. पाणी स्वच्छ जातंय. तू जिंकलीस गं.

सुखाने जा. भाचीचा साष्टांग नमस्कार.