आप्पांच्या अंगरख्यात

मित्रहो, एका घोर अन्यायाला वाचा फोडतो: आज सकाळपासून मला पोटभर श्वास घेता आलेला नाही. कारण, अंगरखा.

तो शिवलाय माझ्या थोरल्या भावाने, आप्पांनी. मुंबईत नाव कमावलेले फॅशन डिझायनर. आज लातुरात त्यांचा सत्कार होता. त्यांच्या कपड्याला बंद, बटण, हुक काहीच बाहेरून दिसत नाही, हीच त्यांची ओळख. सकाळी त्यांनीच मला तो घालून दिला. सभागृहात लोक माझ्याभोवती फिरून हुक शोधत होते, आप्पा लांबून मिश्या पिळत होते.

घरी आल्यावर काढायला गेलो, तर हुक सापडेना. बायको म्हणाली, "कात्री आणू का?"

"खबरदार!" आप्पा गरजले. "हलू नको रे पंडिता. लई फुगलास तू."

त्यांची बोटं काखेत, गळ्याशी, पुन्हा काखेत फिरत राहिली.

"आप्पा, हा तर चक्रव्यूह झाला," मी म्हणालो.

ते हसले नाहीत. हळूच म्हणाले, "कुठं लावलंय रे मी?"

मी अजून अंगरख्यातच बसून हे लिहून राहिलोय. आप्पा अजून शिवणी चाचपतायत. श्वासाचं मी बघून घेईन. सकाळी स्वतः लावलेले हुक त्यांना संध्याकाळी आठवत नाहीत, याची मला फार भीती वाटतेय.