माहेरून आलेली गत

यमुताई पांढरीपांडे यांच्या लग्नात वडिलांनी सोनं बेताचंच घातलं, भांडीही मोजकीच दिली. पण जावयाला तबल्याची एक गत, म्हणजे एक बांधलेली रचना, दिली.

वडील, म्हणजे आबा, तबल्याचे गुरुजी. महाल या जुन्या वस्तीतल्या त्यांच्या खोलीत दिल्ली, फरुखाबाद, बनारसच्या थोर तबलियांच्या तसबिरी लावलेल्या होत्या. त्यांतल्या कुणाचंही नाव घ्यायचं तर आबा आधी कानाच्या पाळीला हात लावत. जुन्या उस्तादांच्या घरी मुलीबरोबर ठेवणीतली एखादी गत जावयाला द्यायची चाल होती म्हणे. एकदा दिली की देणाऱ्यानं ती पुन्हा वाजवायची नाही. आबांनी ती चाल पाळली. त्यांचे सगळ्यांत आवडते शिष्य कृष्णकांत सरकारी कचेरीत कारकून होते. तेच जावई झाले, आणि आबांनी ती गत मरेपर्यंत हाती घेतली नाही. यमूबरोबर गतही सासरी गेली, असं ते आल्यागेल्याला हसत सांगत. यमुताईंना त्याचा फार अभिमान वाटे. आपण काही रिकाम्या हातानं आलो नाही, असं त्या मनाशी म्हणत.

त्यांना स्वतःला तबला कुणी शिकवला नाही. मुलीच्या जातीला पेटी बरी, असं आबांचं मत होतं. पण कान कुणी बंद केले नव्हते. लग्नानंतर कृष्णकांतांचा रियाज रोज सकाळी बाहेरच्या खोलीत चाले आणि आत पोळ्या लाटता लाटता यमुताईंच्या ओठांवर बोल येत. त्या गतीचा उतार, मधलं ते अवघड वळण, शेवट, सगळं त्यांना पाठ झालं होतं.

आबांच्या स्मृतिदिनाला मात्र कृष्णकांत खोलीचं दार आणि खिडकी आतून लावून घेत आणि आबांच्या फोटोसमोर एकट्यानं ती गत वाजवत. त्या वेळी यमुताई पुरणात गुंतलेल्या असत. कुकर शिट्ट्या देत असे, मिक्सर घरघरत असे. संध्याकाळी शिष्य जमत, वाजवत, जेवून जात.

गेल्या वर्षी कृष्णकांतांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. ऐकू येत होतं, समजत होतं, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता.

शिष्यांपैकी नेमानं येत राहिला तो उन्मेष. मूळचा सावनेरकडच्या शेतकरी घरातला, शहराबाहेर वाडीला खोली घेऊन राहणारा, हिंगण्याच्या कंपनीत पाळीवर जाणारा. ती गत त्यानं कितीदा मागितली होती. कृष्णकांत म्हणत, "तुझा डग्गा अजून सावनेरच्या बसमध्येच बसलाय. तो पोचू दे, मग बघू." उन्मेष हसून घेई. डग्गा केव्हाच पोचला होता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

आता तो बाहेरच्या खोलीत सरांच्या पलंगाशी नुसता बसून राही. एक दिवस यमुताईंनी चहाचा कप त्याच्या हातात देत म्हटलं, "गत मला येते. मी म्हणते, तू हातात बसव."

कितीतरी दिवसांनी त्या घरात तबला वाजला. यमुताई बोल म्हणत, उन्मेष ते वाजवून बघे. चुकला की त्या मांडीवर थाप देऊन थांबवत. पलंगावरून कृष्णकांत टक लावून पाहत होते. अवघड वळण जमलं तेव्हा त्यांच्या डाव्या हाताची बोटं चादरीवर हलली. आबांची वस्तू वाया जाणार नाही, असं यमुताईंना वाटलं. मग त्यांनी शेवटची तिहाई म्हटली, एकच तुकडा तीनदा, "तिरकिट धा, तिरकिट धा, तिरकिट धा."

उन्मेषचे हात थांबले.

"काय झालं?"

"काकू, ही तिहाई तर सर पोट्ट्याईले पहिल्याच वर्षी शिकवते जी. एवढ्या मोठ्या गतीले असा शेवट काहून असंन?"

यमुताईंनी पलंगाकडे पाहिलं. कृष्णकांतांचा डावा हात नाही, नाही म्हणत हलत होता.

"हा शेवट नाही?"

त्यांनी डोळे मिटून घेतले.

मग यमुताईंना आठवलं. खिडकीखाली लोक कान देऊन उभे असतात, गती उचलून नेतात, असं कृष्णकांत लग्नानंतर एकदा म्हणाले होते आणि त्या हसल्या होत्या. रोजच्या रियाजात ते खोटा शेवट लावत होते. खरा फक्त बंद दाराआड, फोटोसमोर. गत आपल्याबरोबर या घरात आली आणि आपण जन्मभर खिडकीखालीच उभ्या होतो.

पुढचे काही दिवस त्यांनी सुचतील ते बोल म्हणून पाहिले. दरवेळी हात नाही म्हणे. कृष्णकांतांनी स्वतः कागदावर लिहायचा, चादरीवर वाजवायचा प्रयत्न केला, पण अक्षरं जुळेनात आणि बोटं एकमेकांत अडकत गेली. त्यांचा श्वास वाढला तेव्हा यमुताईंनी तो हात धरून खाली ठेवला. खूप बोलावंसं वाटत होतं, पण उत्तर देऊ न शकणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

स्मृतिदिनाच्या सकाळी उन्मेष रजा घेऊन आला. त्यानं हळूच सांगितलं, "काकू, मी एक तिहाई बसवली आहे. लावून देऊ का? कोणाले समजणार नाही जी."

"ह्यांना समजेल," यमुताई म्हणाल्या. "आहे तिथवरच वाजव."

त्यांनी कुकर चढवला नव्हता. स्मृतिदिनाची गत ऐकायला त्या पहिल्यांदाच बाहेरच्या खोलीत येऊन बसल्या. उन्मेष सरांच्या रीतीप्रमाणे खिडकी लावायला उठला.

"राहू दे उघडी. आता चोरण्यासारखं काही उरलेलं नाही."

ते ऐकून कृष्णकांतांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

उन्मेषनं कानाला हात लावला, फोटोला नमस्कार केला आणि गत सुरू केली. उतार आला, वळण आलं, तिहाईची जागा आली, आणि त्यानं हात उचलले. पलंगावर कृष्णकांतांचा डावा हात वर झाला, क्षणभर तसाच राहिला आणि आवाज न करता चादरीवर पडला.

यमुताईंनी उठून तो हात पांघरुणात घेतला आणि डाळ शिजत टाकायला आत गेल्या.