टाकीवरचा वाय-फाय

रांजणगावच्या कंपनीत मी नेटवर्कचं काम बघतो. म्हणून ग्रामपंचायतीचा मोफत वाय-फाय वस्तीपर्यंत पोचवायचं काम सरपंचांनी मला सांगितलं. सुट्टीच्या दिवशी पाण्याच्या टाकीवर चढून मी एक्स्टेंडर बसवला. वस्तीवर रेंज आली, पण पंचायतीचा प्रिंटर काही केल्या जोडला जाईना. सार्वजनिक वाय-फायवर एकाचा मोबाईल किंवा लॅपटॉप दुसऱ्याला दिसू नये म्हणून एक सेटिंग असतं. मी ते बंद केलं. प्रिंटर चालला. नंतर चालू करू म्हटलं आणि सत्काराचा नारळ घेऊन घरी आलो.

त्याच वाय-फायवर गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई लॅपटॉपमध्ये आजाऱ्यांची यादी भरायच्या. आता त्यांचं फोल्डर कुणालाही उघडता येत होतं, आणि कुणीतरी ते उघडलं. वस्तीवरच्या शिंपीमामांना टीबी आहे, हे आठवड्याभरात गावभर झालं. बायका शिवायला टाकलेली कापडं तशीच परत घेऊन गेल्या.

ग्रामसभेत सगळे आशाताईंवर तुटून पडले. "तुमच्याबिगर म्हाईत कुणाला व्हतं?"

"मी कुणाला बोलले न्हाई वो," एवढंच त्या रडत म्हणत राहिल्या.

यादी कशी बाहेर गेली, ते मला तिथं बसल्या बसल्या कळलं. मी खाली मान घालून मोबाईलवरून ते सेटिंग चालू केलं आणि मोबाईल खिशात ठेवला.

चार दिवसांनी ताईंच्या घरी गेलो. त्या मेथी निवडत होत्या. सगळं सांगितलं. त्यांनी वर पाहिलं.

"माझी अब्रू समद्यांम्होरं गेली, भाऊ. आन् तुम्ही माफी हितं सैपाकघरात मागताय?"

पुढच्या सभेत मी उभा राहून बोललो. "जाऊ द्या, व्हती चूक माणसाकडनं," सरपंच म्हणाले, आणि लोकांनी मला लगेच माफ केलं. ताईंची माफी मात्र कुणीच मागितली नाही. त्याची मला जास्त लाज वाटली.

शिंपीमामा तोवर मशीन घेऊन दौंडला लेकीकडे गेले होते. मी तिथं गेलो. औषधं चालू होती, तब्येत सुधारली होती. मी बोलत होतो ते त्यांनी शांतपणे ऐकलं.

"आता माझ्यापासनं कुणाला लागण व्हत न्हाई म्हणत्यात डॉक्टर. पर गावात आता न्हाई यायचं," ते म्हणाले.

लेक चहा घेऊन आली. मामांनी माझी खुर्ची आपल्या हातानं दाराबाहेर सरकवली आणि स्वतः तोंडाला रुमाल लावून पार आतल्या भिंतीला जाऊन बसले.