फुदे आजीची बोटं

फुदे आजीला माना चाचपायची खोड होती. बंदरावर जाळं झटकत बसलेल्या साठीच्या बाप्यालाही ती अडवायची. "गळ्याला गारठा लागला का रे?" म्हणत जबड्याखाली बोटं फिरवायची आणि "जा आता" म्हणून सोडून द्यायची. बापे लाजायचे, आजूबाजूचे फिदीफिदी हसायचे. पण ही खोड सगळ्यांसाठी नव्हती, फक्त तिच्या दूधपोरांसाठी होती. आमच्या बेटावर पूर्वी जिला दूध नाही तिचं मूल शेजारणीच्या अंगावर वाढायचं, आणि फुदे आजीला दूध उदंड. पोटची तीन आणि परकी अकरा पोरं पाजली बाईनं. त्या अकरांतला एक माझा नवरा, इवाओ.

इवाओची आई बाळंतपणातच गेली. तो जगला तो आजीच्या दुधावर. म्हणून दर सप्टेंबरात आगो, म्हणजे आमचे उडते मासे, पहिल्यांदा जाळ्यात आले की त्यातले दोन मोठे आधी आजीकडे जायचे, मग उरलेले माझ्या चुलीवर.

मी करवादायचे, "सासू नाही म्हणून सुटले म्हणावं, तर ही एक आहेच!"

"तिच्यामुळे तुला नवरा मिळालाय. गप बस," इवाओ म्हणायचा.

गेल्या वर्षी थंडीत आजीची बोटं त्याच्या मानेतल्या गाठीवर थांबली. तिचा चेहराच उतरला. "उद्याच्या बोटीनं नागासाकीला जा, रक्त दाखव." इवाओनं हसण्यावारी नेलं, तर म्हातारी तीन दिवस आमच्या उंबऱ्यावर ठाण मांडून बसली. शेवटी गेलो.

ओगुशी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, रक्ताचा कर्करोग आहे. एक विषाणू पन्नास-साठ वर्षं पांढऱ्या पेशींत गुपचूप बसून राहतो आणि एखाद्याच्याच नशिबी जागा होतो. "बहुतेक वेळा तो आईच्या दुधातून येतो," त्या म्हणाल्या.

"अहो, आईच्या दुधाचा थेंबसुद्धा मी चाखलेला नाही!" इवाओ हसला. हसता हसता थांबला आणि माझ्याकडे बघू लागला.

परतीच्या बोटीवर तो एवढंच बोलला, "नोबुए, हे आजीला कळता कामा नये. कळलं तर तुझं तोंड बघणार नाही."

नवऱ्याकडून बायकोलाही लागू शकतो म्हणून माझंही रक्त तपासलं, ते स्वच्छ निघालं. मूलबाळ आम्हाला नाहीच. मी सुटले, पण आतून जळत होते. ज्या बाईला चाळीस वर्षं मासे पोचवले, तिनंच हे दिलं होतं आणि मी तिच्यापुढं गोड हसायचं होतं.

साध्या केमोनं भागलं नाही, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढलं. आजारी पेशींच्या अंगावर सीसीआर-फोर नावाचा एक रिसेप्टर असतो. कुठं जायचं हा शरीराचा निरोप पेशी त्याच्यावर झेलते आणि कातडीकडे निघते, म्हणून अंगावर चट्टे. नवं औषध त्या रिसेप्टरलाच धरतं, मग शरीरातले पहारेकरी त्या पेशीला मारतात.

"म्हणजे कल्ल्याला अडकवायचं जाळं," इवाओ म्हणाला.

"हो. पण काही चांगल्या पेशींनाही तोच रिसेप्टर असतो. भांडखोर पेशींना आवरून धरणाऱ्या पेशी असतात, त्यांना."

"मग तेही मासे जाणार. जाळ्याला काय कळतंय."

दोन महिन्यांत रक्त साफ झालं. मी आनंदाचा म्हणून लाल चवळीचा भात केला, शेजाऱ्यांना वाटला. पंधरा दिवसांत त्याची कातडी फोडांनी भरली, सोलून निघाली. आवरणाऱ्या पेशीही जाळ्यात गेल्या होत्या ना! ते कसंबसं बसलं, तर ऑगस्टात मानेत पुन्हा गाठी आल्या. उरलेल्या पेशींनी तो रिसेप्टरच टाकून दिला होता, औषधाला धरायला काही राहिलं नव्हतं.

"शहाणे झाले मासे," इवाओ म्हणाला. "कल्ले घरी ठेवून आले." बिचाऱ्या डॉक्टरीणबाईंना हसावं की नाही कळेना. मी त्याला घरी आणलं.

आजी रोज यायची, रताळं घालून कुटलेल्या चिकट भाताचे गोळे, मोची, ठेवायची, त्याच्या पायाशी बसायची. मानेला मात्र तिनं पुन्हा हात लावला नाही. आता घाण वाटते काय, असं मनात येऊन मी आणखी पेटायचे.

सप्टेंबर आला. शेजाऱ्यानं आगो आणून दिले. "दोन मोठे आजीला दे," इवाओ पडल्या पडल्या म्हणाला. "आणि जीभ सांभाळ."

मी निघाले ती सांगायचं ठरवूनच. आजी अंगणात रताळ्याचे काप वाळत घालत होती. मासे तिच्यापुढं आपटले.

"आजी, इवाओला हे दुखणं कुठून आलं माहीत आहे?"

तिनं मान वर केली नाही. "माझ्या दुधातून."

मग काप पसरत पसरतच तिनं सांगितलं.

पंचवीस वर्षांपूर्वी तिची लेक नागासाकीत गरोदर होती. रक्त तपासून तिला सांगितलं, बाळाला पाजू नका, हे तुमच्या आईकडून आलंय. "त्या दिवशी बंदरावर बसून मोजले. अकरा," आजी म्हणाली. "तेव्हापासून माना चाचपते आहे."

"मग बोलली का नाहीस गं म्हातारे?" मी किंचाळले.

"बोलून काय? औषध नव्हतं. शंभरातल्या पंचाण्णवांना काही होत नाही म्हणाले. अकरा जणांना रोज मारू?" तिनं एक काप उलटा केला. "आणि लाज वाटली. गावाची दूधआई म्हणवून घ्यायची चटक लागली होती मला." मग तिनं माझा हात घट्ट धरला. "इवाओला कळू देऊ नकोस, पोरी. त्याला मी आईच राहू दे."

घरी आले. "बोललीस?" इवाओनं विचारलं.

"नाही."

"काय म्हणाली?"

"मासे ताजे आहेत म्हणाली."

त्यानं सुस्कारा सोडून डोळे मिटले. आठव्या दिवशी गेला.

अकरांतले दोघं आधीच समुद्रानं नेले होते. उरलेले आठही जण अंत्यविधीला आले. मी ठरवलं होतं, आज सगळ्यांसमोर सांगायचं, जा, रक्त तपासून घ्या. त्यांचा हक्क आहे तो. मी काय म्हातारीसारखी भेकड नाही!

चहा ओतत होते. त्या आठांतले कियोमात्सू भावोजी सांगत होते, तान्हा इवाओ त्यांच्या वाट्याचं दूधही कसं संपवायचा. आठही जण डोळे पुसत हसत होते. कोपऱ्यातून आजी माझ्याकडे बघत होती.

मी तोंड उघडलं.

"काय वहिनी?" भावोजी म्हणाले.

"काही नाही. कॉलर दुमडलीय तुमची."

कॉलर सरळ केली, आणि माझी बोटं त्यांच्या जबड्याखाली गेली. आधी एका बाजूला, मग दुसऱ्या.

"गळ्याला गारठा लागला का हो?" मी विचारलं.