आतोबांची बाग-बिरादरी

आमच्या आतोबांइतका खाली बघून चालणारा माणूस अख्ख्या माळव्यात झाला नसेल. समोरून साक्षात महाकाल आले असते, तरी आतोबांनी आधी त्यांच्या पायाखालचा उतार पाहिला असता आणि मग नमस्कार केला असता. माझ्या आत्याचे हे यजमान उज्जैनच्या सरकारी बागांचे अधिकारी. मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली तेव्हा मी त्यांच्याकडेच राहायला गेले. पहिल्याच दिवशी एका पाहुण्यानं त्यांना सहज 'माळीसाहेब' म्हटलं. आतोबा ताडकन उठले. "माळी झाड लावतो. मी जागा लावतो!" पाहुण्याला काही कळलं नाही; मला कळायला दोन वर्षं लागली. पाणी कुठून वाहील, सावली कुठे सरकेल, म्हातारं माणूस चालता चालता कुठे दमेल, हे सगळं ते आधी कागदावर काढत आणि मगच खड्डा खणवत. या विद्येला तेव्हा आमच्याकडे नावसुद्धा नव्हतं. त्यामुळे ती जाणणारा दुसरा कुणी भेटावा, ही त्यांची जन्माची तहान होती.

संस्थानं विलीन झाली आणि आतोबांना उधाण आलं. लोकांना स्वराज्य मिळालं, यांना देवास, धार आणि रतलाम मिळालं! कालपर्यंत परक्या राज्यांत असलेले तिथले तिघं बाग-अधिकारी आता एकाच मध्यभारताचे नोकर झाले होते. तिघांनाही पत्रं गेली. अक्षर माझं, कारण आतोबांचं अक्षर फक्त मुंग्यांना लागे. मंडळाचं नाव ठरलं 'बाग-बिरादरी'. खूण म्हणून ठसेछपाईच्या भैरवगढला रुमाल छापून घ्यायचे होते. त्यांवर झाड कुठलं, यावर चार महिने पत्रांतून लढाई चालली. शेवटी छापणाऱ्यानं कंटाळून त्याच्या जुन्या ठशावर होता तो आंबा छापून टाकला. म्हणाला, "भाईसाब, आम तो सबका होता है." बिरादरीनं भांडणाशिवाय मान्य केलेली तेवढीच एक गोष्ट.

मग एके सकाळी खबर आली: गावातल्या फ्रीगंजमधल्या बागेतून सरळ रस्ता काढणार, मधली खिरणीची सात झाडं तोडणार. आतोबांनी ताटाला हात लावला नाही. आत्या मला म्हणाली, "तार कर बाई त्या बिरादरीला. माझं ते थोडंच ऐकणारेत!"

तिघंही आले. एकमेकांना पहिल्यांदाच पाहत होते. आत्यानं सगळ्यांना आधी राम घाटावर स्नानाला धाडलं, तर स्नान राहिलं बाजूला. चौघं काठावर उकिडवे बसून क्षिप्रेचा गाळ चिमटीत धरून हुंगत बसले. जवळचा पंडा गोंधळून म्हणाला, "यजमान, श्राद्ध किसका है?"

तिथून चौघं ओल्या हातांनी थेट बागेत. रस्ता काढणारे इंजिनियरसाहेब नकाशा घेऊन उभेच होते. चौघांनी मोजायच्या चार फिती उलगडल्या. देवासवाले म्हणाले, रस्ता डावीकडून न्या. धारवाले म्हणाले, मग पावसाचं पाणी साहेबांच्याच बंगल्यात शिरेल. रतलामवाल्यांनी उजवी बाजू धरली. आतोबा ओरडले, "तिकडे चढ आहे, बैल धापा टाकतील!" तासाभरात ते साहेबांना विसरले आणि आपापसांत असे जुंपले की फिती पायांत अडकून रतलामवाले हौदात बसले. साहेबांच्या कपाळावर घाम. "आख़िर आप लोग चाहते क्या हैं?"

"मोड़!" चौघं एकदम ओरडले. हौदातूनसुद्धा.

साहेबांनी तिथंच नकाशावर वळण काढलं आणि सही केली. खिरण्या वाचल्या. आतोबांनी देवासवाल्यांना कडकडून मिठी मारली, डोळे पुसले आणि म्हणाले, "वळण दोन हात चुकलंच, पण."

पुढं राज्यांची पुन्हा मांडणी झाली, राजधानी भोपाळला गेली आणि बिरादरी पांगली. कुणी निवृत्त झालं, कुणाची दूर बदली झाली. आतोबांना भोपाळच्या एका कचेरीत दुसऱ्या मजल्यावर टेबल मिळालं. मी भेटायला गेले तेव्हा ते फायलींकडे पाठ करून खिडकीशी उभे होते. "इथं बोलायला कुणी नाही गं," म्हणाले. एवढं हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

मला बसपर्यंत सोडायला ते खाली उतरले. फाटकापाशी चौकीदार एका कोवळ्या कडुनिंबाला आळं करत होता. आतोबा थबकले.

"ये यहाँ क्यों लगाया?"

"साब, चार बजे धूप इधर से आती है," तो मान वर न करता म्हणाला. "लोग अर्ज़ी लेके यहीं खड़े रहते हैं ना."

आतोबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग उन्हाकडे. धोतर सावरलं आणि त्याच्या शेजारी मातीत बसकण मारली. "वो तो ठीक है, लेकिन देखो…"

मला निरोप द्यायचं ते साफ विसरले. मीही हाक मारली नाही. बस मी एकटीच गाठली.