वारसा-सहलीच्या बाई

दर हिवाळ्यात साठीच्या एक बाई आपल्या ज्यू समाजाची सहल घेऊन माझ्या गाडीनं वाडवडिलांच्या कबरी शोधायला येतात. उतरण्याआधी रस्ता न्याहाळतात आणि हळूच म्हणतात, "दादा, गाडी चालूच ठेवा हं." का, ते मी कधी विचारलं नाही.

यंदा वाटूर फाट्यावर चहाला थांबलो. बाकावरच्या एका माणसानं दरडावून विचारलं, "कोन लोकं हाय हे?"

"फिरायला आलेत," मी जल्दी बोललो.

बाई पुढं झाल्या. "आम्ही ज्यू. मूळचे अलिबागकडचे, आजोबा-पणजोबा नोकरीला इकडं आले. घरात मराठीच बोलतो."

तो बाकावर सरकून म्हणाला, "मंग उभ्या काहून? बसा की."

बाई बसल्या, पण माझी बाही घट्ट धरून; चहा संपेपर्यंत त्यांनी ती सोडली नाही.