वैद्यकाका आणि चकाकणारा रूळ

शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या स्टेशनवर सगळे गाडीची वाट बघत. वैद्यकाका रूळ बघत. फलाटाच्या कडेशी वाकून, मान तिरकी करून. गोंदियाकडे रुळांच्या देखभालीचे इन्स्पेक्टर म्हणून ते निवृत्त झाले होते आणि आता मुलीकडे राहत होते. २००४च्या हिवाळ्यात शिकागोच्या गाडीत आमची ओळख झाली. मी सुरुवातीच्या सोव्हिएत माहितीपटांवर पीएचडी करतेय आणि त्यातला एक रेल्वेबांधणीवर आहे, हे कळताच म्हणाले, "मला दाखवशील?"

युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत टेप लावली. मूकपट. ओसाड माळ, धूळ, रूळ ठोकणारे मजूर. पहिला रूळ पडतो तो क्षण कॅमेऱ्याने जसाच्या तसा टिपला, असं मी लिहिलं होतं. माझ्या प्रबंधातलं अख्खं चॅप्टर त्यावर उभं होतं.

"थांबव," काका म्हणाले. "हा रूळ नवा नाही. माथा चकाकतोय बघ. वरून चाकं गेल्याशिवाय ही चकाकी येत नाही."

"म्हणजे?"

"कॅमेऱ्यासाठी पुन्हा ठोकला असेल. नाहीतर जुनाच रूळ आणला असेल. आपण काही तिथे नव्हतो." कुठलंही मत दिलं की हे शेवटचं वाक्य ते जोडतच.

माझा चेहरा पडला. "मग सगळं खोटंच की, काका."

"हातोडा मारणारा खरा आहे गं. पाय कसे रोवलेत बघ. असं उभं राहायला वर्षं लागतात."

मग कँटीनमध्ये कॉफी घेताना स्वतःहून म्हणाले, "आमची लाइन सुरू झाली तेव्हा फोटोग्राफरने हातोडा माझ्या हातात दिला. ज्याने काम केलं तो मुकादम बाजूला झाला. पेपरात मी आलो."

"त्याचं नाव काय?"

काकांनी कप खाली ठेवला. "मुकादमच म्हणायचो आम्ही."

मी चॅप्टर नव्याने लिहिलं, त्या हातोडेवाल्याच्या उभं राहण्यापासून सुरुवात करून. पुढच्या वर्षी काका भारतात परतले. एका सकाळी गोंदियाहून त्यांचा फोन आला.

"नाव सापडलं. सुकलू मरकाम. तो आता नाही, पण मुलगा भेटला. पेपरातला फोटो त्याला दिला. म्हटलं, इथे तुझा बाप हवा होता."

"तो काय म्हणाला?"

"म्हणाला, साहेब, बसा, चहा घ्या. बसलो मग. संध्याकाळपर्यंत बसलो."

ते आमचं शेवटचं बोलणं.